आधी फोन नंबर, मग बाकीचं

मी नोकरीत असताना आमच्या कंपनीनं इंट्रानेट करायला घेतलं होतं. सगळं एकदम हवं होतं. दीड वर्ष नुसत्या बैठका झाल्या, पान एकही उघडलं नाही. म्हणून आज जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेची गोष्ट.

तिथे हजारो लोक, बरेचसे दोनेक वर्षांत निघून जाणार, आणि त्यांच्याबरोबर माहितीही. मार्च १९८९मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी त्यावर उपाय मांडला. साहेबांचा, म्हणजे माइक सेंडल यांचा शेरा असा, की कल्पना धूसर आहे पण भारी आहे!

नोव्हेंबर १९९०मध्ये रॉबर्ट कायो यांच्यासह त्यांनी नवा प्रस्ताव दिला. त्यात कामाचे दोन टप्पे होते. पहिले तीन महिने फक्त वाचायची सोय, तीही माहिती आहे तिथेच ठेवून. लोकांनी स्वतः मजकूर घालायचा, तो पुढच्या तीन महिन्यांत.

आणि लोकांच्या उपयोगी आधी काय पडलं? फोन डिरेक्टरी! ती होती मेनफ्रेमवर. एका नंबरासाठी तिथे लॉगिन करा. काही जण तेवढ्यासाठी एक खिडकी कायम उघडी ठेवत. बर्न्ड पोलरमान यांनी ती वेबवर आणली. निकोला पेलो या विद्यार्थिनीनं साध्या टर्मिनलवरही चालेल असा ब्राउझर लिहिला, त्यामुळे महागडा नेक्स्ट संगणक नसलेल्यांचीही सोय झाली.

तो ब्राउझर मात्र वाचण्यापुरताच होता. पानं लिहायची सोय नेक्स्टवरच राहिली.