फुगलेल्या कपॅसिटरची गोष्ट

पीसी अचानक बंद पडतो, एसएमपीएस बदलला की चालू होतो आणि सहा महिन्यांनी परत तेच. असं दोनतीनदा झालं की आपल्याकडे खापर फुटतं ते व्होल्टेजवर. मग यूपीएस आणा, अर्थिंग तपासा... मंडळी, त्याआधी कॅबिनेट उघडा आणि मदरबोर्डवरच्या कपॅसिटरची डोकी बघा. सपाट हवीत. फुगलेली असतील, किंवा वर तपकिरी चिकटा आला असेल, तर नवा एसएमपीएस फार दिवस टिकेलच असं नाही. (एसएमपीएसचा डबा मात्र खोलू नका. प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्ट बसलेले असू शकतात!)

या फुगण्याला इतिहास आहे. साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभर लाखो मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय याच रोगाने गेले. कपॅसिटर स्वस्त आणि जास्त कार्यक्षम व्हावेत म्हणून आतल्या द्रवात पाण्याचं प्रमाण वाढवलं गेलं. पण पाणी ॲल्युमिनियमला खातं आणि हायड्रोजन सुटतो. ते रोखणारी रसायनं नीट नसतील तर डबी फुगणारच. मग ती वीज गाळायचं काम सोडते आणि व्होल्टेजमध्ये तरंग उठतात. १२ व्होल्टच्या लाइनवर १२० मिलिव्होल्टपर्यंतचा तरंग चालतो, त्यापुढे मशीन वेड्यासारखं वागायला लागतं. गंमत म्हणजे साधा मल्टीमीटर तेव्हाही १२ च दाखवतो, कारण तो सरासरी सांगतो. तरंग बघायला ऑसिलोस्कोप लागतो.

या सगळ्यामागे म्हणे चोरी होती. जपानी कंपनीचा फॉर्म्युला चीनमार्गे तैवानला पोचला, तोही अर्धवट उतरवलेला, अशी कथा २००३ च्या सुमारास बातम्यांतून फिरली. कथा झकास आहे, पण माझ्या मते तिने फसवलं. 'तैवानी माल वाईट, जपानी चांगला' एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. आणि डेलच्या ऑप्टिप्लेक्समधे जे कपॅसिटर गेले ते तर निचिकॉनचे होते, म्हणजे अस्सल जपानी!

डेलचं प्रकरण मुळातून वाचण्यासारखं आहे. मे २००३ ते जुलै २००५ मधे विकलेले किमान १ कोटी १८ लाख पीसी धोक्यात होते, असं २०१० मधे कोर्टातल्या कागदपत्रांतून बाहेर आलं. दुरुस्तीसाठी कंपनीने २००५ मधे ३० कोटी डॉलर बाजूला काढले होते. पण गिऱ्हाईकाला काय सांगितलं? टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातले पीसी बंद पडले, तेव्हा निदान झालं की तुम्ही त्यांच्याकडून फार अवघड गणितं करून घेता :)

असो. खटल्यात डेलची बाजू लढवणाऱ्या वकिलांच्या ऑफिसातही असेच हजारेक संशयित पीसी होते. तेही दुरुस्त करून द्यायला डेलने आधी खळखळ केली होती.