तूरमाले घाटाचा निवाडा

घाट चढतांना सायकलस्वाराला कोण अडवितें, असें विचारलें तर कोणीहि चढणीकडे बोट दाखवील. पण फ्रान्समधील एका जुन्या वादांत चढणीपेक्षां अभिमानच अधिक आडवा आला.

सेंत-एत्येन हें डोंगरांच्या कुशींतलें कारखान्यांचें शहर. तेथील पोल द व्हीव्ही नांवाचा रेशमाचा व्यापारी सायकलीच्या नादीं लागला व अखेर त्याच धंद्यांत शिरला. १८८७ सालीं त्यानें सायकलीला वाहिलेलें मासिक काढलें आणि त्यांत तो 'व्हेलोसिओ' या टोपणनांवानें लिहूं लागला. त्याचें म्हणणें साधें होतें. मागील चाकावरचें जें दांतेचक्र सपाटीवर सोयीचें, तेंच चढणीवर पायांना जड जातें. म्हणून स्वाराला प्रसंगाप्रमाणें गिअर बदलतां आले पाहिजेत.

या मताची परीक्षा १९०२ सालीं झाली. फ्रान्सच्या तूरिंग क्लबनें पिरेनीज पर्वतांत प्रवासी सायकलींची कसोटी ठेवली. २११५ मीटर उंचीचा तूरमाले घाट त्यांत दोन वेळां चढावयाचा होता. मार्त एस या बाईंनीं तीन गिअरांच्या सायकलीवरून, कोठेंहि जमिनीस पाय न टेकतां, तो पार केला.

निवाडा झाला, पण तो मानावयाचा कोणीं? दुसऱ्याच वर्षीं 'तूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू करणारे आन्री देग्रांज यांना तो मान्य नव्हता. गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठीं. शर्यत जिंकावी ती स्नायूंच्या बळावर, यंत्राच्या युक्तीवर नव्हे, असें त्यांचें मत.

२१ जुलै १९१० रोजीं त्यांच्या शर्यतींतले धंदेवाईक स्वार ल्यूशोंहून बायोनकडे निघाले. पल्ला ३२६ किलोमीटरांचा, आणि वाटेंत तोच तूरमाले. गिअर बदलावयाचा तर उतरून मागचें चाक काढावें, उलटें बसवावें, मग पुढें जावें. कित्येकांनीं सायकली ढकलीतच माथा गांठला. त्या दिवसाचा विजेता ओक्ताव्ह लापीझ यालाहि मधून मधून पायींच चालावें लागलें. संतापून त्यानें चालकांना खुनी म्हटलें. आठ वर्षांपूर्वीं एका हौशी स्त्रीनें याच घाटावर दाखविलेली वाट त्यांना बंद होती.

ती उघडली १९३७ सालीं. तेव्हां कोठें तूर द फ्रान्समध्यें साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या गिअरांना मुभा मिळाली. व्हेलोसिओ मात्र १९३० सालींच ट्रामच्या धक्क्यानें मरण पावला होता.

१९८२ पासून आल्प्स पर्वतांत 'मार्मोत' नांवाची हौशी स्वारांची शर्यत भरत आली आहे. सुमारें १७४ किलोमीटरांच्या तिच्या मार्गांत २६४२ मीटर उंचीचा गालिबिए घाट आहे, आणि सबंध दिवसाची चढण मिळून पांच हजार मीटरांच्या आसपास भरते. दिवसा नोकरी-धंदा करणारीं साधीं माणसें गिअरांच्या आधारानें ती पुरी करतात. घाम त्यांनाहि येतो, छाती त्यांचीहि भरून येते. युक्तीनें घाट ठेंगणा होत नाहीं. तो चढूं शकणारीं माणसें मात्र वाढतात.