बुळकांडीचा अंत आणि पशुवैद्यांची एकजूट

परभणी जिल्ह्याची भूमि काळी व खोल आहे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या कांठचें हें चिकण रान नांगरण्यास बळकट खांद्याचा बैल लागतो. लाल कंधारी आणि देवणी हीं गोधनाचीं दोन जातिवंत कुळें मराठवाड्यानेंच जोपासलीं. पोळ्याच्या आदल्या दिवशीं शेतकरी बैलाचा खांदा तूप-हळदीनें मळतो, तो उगाच नव्हे. ट्रॅक्टर येण्यापूर्वीं घराचें सारें वर्ष त्या खांद्यावर उभें असे. जोडी मेली कीं रान पडीक राही आणि कुणबी सावकाराच्या दारीं जाई.

म्हणूनच 'बुळकांडी' हा शब्द कानीं पडतांच गांवाच्या काळजांत धस्स होई. जनावरास ताप भरे, डोळ्यांतून पाणी वाहे, तोंड आंतून सोलवटे, ढाळ लागे आणि थोड्याच दिवसांत दावण रिकामी होई. इलाज कोणासच ठाऊक नव्हता. सांथ आली कीं लोक मरीआईचा गाडा सजवीत आणि तो आपल्या शिवेबाहेर ओढून नेत. पुढच्या गांवानें तो आपल्या शिवेपलीकडे न्यावा, असा तो क्रम असे. त्यांत श्रद्धा होती. परंतु संकट शेजाऱ्याच्या दारांत लोटून मोकळें होण्याचा मनुष्यस्वभावही होता. बुळकांडीचा पुढील इतिहास म्हणजे हा स्वभाव सोडून देण्याचाच इतिहास होय.

१८७१ सालीं हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें हिंदुस्थानांतील गुरांच्या सांथींविषयीं अहवाल दिला. १८८६ मध्यें मुंबईस परळ येथें पशुवैद्यकाचें महाविद्यालय निघालें. १८८९ मध्यें पुण्यास जंतुशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन झाली. १८९३ सालीं ती वस्तीपासून दूर, हिमालयांतील मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. तेथेंच पुढें एडवर्ड्स या शास्त्रज्ञानें बुळकांडीचा विषाणु शेळ्यांच्या शरीरांत वारंवार वाढवून सौम्य केला आणि त्यापासून लस सिद्ध झाली.

परंतु लस सिद्ध होणें निराळें आणि ती दावणीपर्यंत पोंचणें निराळें. गुरांचा डॉक्टर तालुक्याच्या गांवीं एकटा असे. कोठें कोणता रोग उठला, कोणता उपाय लागू पडला, कोणता फसला, हें त्यास कळणार कसें? ही उणीव व्यवसायबंधूंच्या संघटनेनें भरून काढली. १९२४ सालीं मद्रासेस 'इंडियन व्हेटरिनरी जर्नल' हें नियतकालिक सुरू झालें. तें पशुवैद्यांच्या अखिल भारतीय संघाचें मुखपत्र होय. एकाचा अनुभव सर्वांचा होऊं लागला.

तरीही राज्यांच्या सीमा आड येतच होत्या. परभणी जिल्हा त्या काळीं निजामाच्या राज्यांत होता आणि उत्तरेस लागूनच इंग्रजी अमलाखालील वऱ्हाड होतें. दोहोंकडील खातीं वेगळीं, कायदे वेगळे. बाजाराला निघालेलीं गुरें मात्र दोहोंकडे जात. रोगास सरहद्द ठाऊक नसते. १९४८ मध्यें हैदराबाद भारतांत विलीन झालें आणि १९५४ सालीं संपूर्ण देशासाठीं बुळकांडी निर्मूलनाचा एकच कार्यक्रम आंखण्यांत आला. मग लाकडी खोडे गांवोगांव उभे राहिले आणि हेल्याच्या शिंगाला भीत, चिखलांत उभें राहून, गुरांच्या डॉक्टरांनीं लस टोंचली. १९७२ सालीं परभणीस कृषि विद्यापीठाबरोबर पशुवैद्यकाचें महाविद्यालयही आलें, तेव्हां मराठवाड्याच्या मुलांस हें शास्त्र आपल्याच भूमींत शिकतां येऊं लागलें.

या लढ्याचा शेवटचा टप्पा सर्वांत अवघड होता. देशांतील अखेरची लागण १९९५ मध्यें झाली. पण 'रोग दिसत नाहीं' म्हणजे 'रोग नाहीं' असें होत नाहीं. लशीच्या आडोशानेंही तो दडून राहूं शकतो. म्हणून लस टोंचणें बंद करावें लागलें आणि गांवोगांव हिंडून, रक्त तपासून, नसलेला रोग शोधावा लागला. एकाही गांवानें वा डॉक्टरानें लागण झांकून ठेविली असती, तर साऱ्या देशाचा शब्द खोटा ठरला असता. २००६ सालीं भारत बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त ठरला आणि २०११ मध्यें तो रोग जगांतूनच नाहींसा झाल्याचें घोषित झालें. मनुष्यानें पृथ्वीवरून समूळ नष्ट केलेले रोग दोनच आहेत : पहिला देवी, दुसरा बुळकांडी.

लाळ्या-खुरकूत मात्र अद्याप गेलेला नाहीं. २०२२ मध्यें लम्पी चर्मरोगानें महाराष्ट्रांतील गोठे पुन्हां रिकामे केले. बुळकांडीच्या अंतानें दिलेला धडा अशा वेळीं उपयोगीं पडतो. गोठ्यांत आजार दिसतांच शेतकऱ्यानें तो लपवूं नये, बाजार बंद होईल या भीतीनें गांवानें तो दाबूं नये आणि डॉक्टरानें त्याची वर्दी त्याच दिवशीं द्यावी. मरीआईचा गाडा शिवेपलीकडे लोटून बुळकांडी कधींच गेली नाहीं; साऱ्या शिवांवरच्या माणसांनीं मिळून तिला अडविलें, तेव्हांच ती गेली.