खापराची कड

गाढवाच्या पाठीवर लाकडं लादून झाली आहेत. परतीची वाट उताराची, तरी तुमच्यापुढे चाललेला बारा-तेरा वर्षांचा पोरगा मध्येच थांबतो, वाकतो आणि जमिनीतून काहीतरी उकरतो. पन्नासच्या दशकातला हा मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या चिवावा राज्यातला डोंगर. खाली माता ऑर्तिस, रेल्वेमुळे वसलेलं आणि रेल्वेचं काम हलल्यावर मागे राहिलेलं गाव. पोराचं नाव हुआन केसादा. घरची गरिबी, म्हणून सरपण गोळा करायला इथे येतो.

तो खापर तुमच्या तळहातावर ठेवतो. अंगठ्याने धूळ पुसा. पांढुरक्या अंगावर काळी रेघ, तिला खेटून तांबडा पट्टा. रेघ कुठेच जाड-बारीक झालेली नाही. गावात असं काम येणारं कुणीच नाही, हेही त्याला ठाऊक आहे.

आता नदीच्या काठाकाठाने उत्तरेला वीस-तीस किलोमीटर चला, आणि सहाशे वर्षं मागे.

पाकिमे शहर. मातीच्या जाडजूड भिंती, एकावर एक मजले, मधून पाण्याचे पाट. दारं अशी की वर खांदे मावतात आणि खाली पाय आखडून घ्यावे लागतात. पलीकडून कर्कश ओरडा येतो. मातीच्या खुराड्यांची रांग आहे, प्रत्येकाच्या तोंडाशी भोक पाडलेला दगड आणि त्यात बसणारं दगडी बूच. आत मकाव, दूर दक्षिणेच्या जंगलातले लालभडक पोपट. पुढे उत्खननात इथे तीनशेहून जास्त मकावांचे सांगाडे निघणार आहेत. तोच पक्षी पलीकडे एका घटाच्या पोटावर उतरतोय. वाकडी चोच, पायऱ्यापायऱ्यांची शेपूट. हात कुणाचा, ते बघायला तुम्ही पुढे होता. पण 1450च्या सुमारास शहर ओस पडतं आणि हात दिसायचा राहून जातो.

परत डोंगराखाली. हुआन आता मोठा झालाय, पोटासाठी मिळेल ते काम करतो आणि उरल्या वेळात माती मळतो. गुरू नाही. चाकही नाही, कारण त्या जुन्या कुंभारांकडेही ते नव्हतं. भांडी तडकत राहतात. मग तो पुन्हा खापरं हातात घेतो, पण या वेळी नक्षी बघत नाही, फुटलेली कड बघतो. तुम्हीही बघा: मातीत बारीक कण चमकतात, रेतीचे. नुसत्या चिकणमातीला आटताना तडा जातो; रेती मिसळली की ती तग धरते. नुसता अख्खा घट हाती असता तर तो कौतुकाने फडताळात गेला असता, आणि ही गोष्ट पोटातच राहिली असती.

1976. सीमेपलीकडे, न्यू मेक्सिकोतल्या डेमिंग गावातलं जुन्या सामानाचं दुकान. तीन घट, कुणाचीच सही नाही. स्पेन्सर मॅकॅलम नावाचा मानववंशशास्त्रज्ञ ते विकत घेतो आणि त्यांचे फोटो घेऊन कुंभाराच्या शोधात मेक्सिकोत शिरतो, आणि हुआनपर्यंत पोचतो. पुढचं सगळं, म्हणजे प्रदर्शनं, 1999 सालचा राष्ट्रीय पुरस्कार, हे इतरत्र वाचायला मिळेल. तुम्ही माता ऑर्तिसच्या एखाद्या परसात बसा. हुआनने भावंडांना शिकवलं, मग शेजाऱ्यांना, आणि आता घराघरांत हेच काम चालतं.

समोरच्या बाईने पोळीसारखी लाटलेली माती साच्यात बसवली आहे. त्या पोळीच्या काठावर ती मातीची एकच जाड वळी चढवते आणि चिमटीने वर खेचत भिंत उभी करते. करवतीच्या जुन्या पात्याने खरवडते. वाळल्यावर गोट्याने घोटते. कुंचला म्हणजे काडीला बांधलेले लहान मुलाचे चार केस. पेन्सिलीची खूण नाही. घटाचे चार भाग ती नजरेनेच करते. पहिली रेघ निघते आणि तुम्ही श्वास रोखता, उगीचच, कारण ती तर गप्पा मारतेय.

भट्टीही परसातच. घटावर बादली उपडी, तिच्याभोवती रानगोवऱ्या. काळा घट हवा असेल तर बादलीच्या कडेला माती लोटून आत हवा जाऊ देत नाहीत. आजचा घट पांढराच राहायचाय. ज्वाळा उठतात, बसतात. आणि आतून आवाज येतो, टक्.

बाई काही बोलत नाही. राख निवल्यावर बादली उचलते, निखळलेला तुकडा उचलून उलटा करते, आणि आधी त्याची कड बघते.