न्यूयॉर्कमधील पाच हजार मते

हेन्री क्ले हा अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी तीन वेळा उभा राहिला आणि तीनही वेळा पडला. १८२४ व १८३२ मधील त्याच्या अपयशाविषयी आज कोणी फारसे हळहळत नाही. १८४४ सालचा पराभव मात्र निराळा. त्याचे खापर कोणाच्या माथी फोडावयाचे, हा वाद इतिहासकारांत अद्याप चालूच आहे.

त्या वर्षी प्रश्न होता टेक्साचा. १८३६ साली मेक्सिकोपासून फुटून निघालेला हा विस्तीर्ण मुलूख संयुक्त संस्थानांत सामील करून घ्यावा की नाही? तेथे गुलामगिरी रूढ होती, म्हणून दक्षिणेला तो हवा होता व उत्तरेतील पुष्कळांना नको होता. डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार जेम्स पोक हा सामिलीकरणाचा उघड पुरस्कर्ता. व्हिग पक्षाच्या क्लेने एप्रिलात पत्र प्रसिद्ध करून त्यास विरोध केला; मेक्सिकोशी युद्ध जुंपेल, हे त्याचे मुख्य कारण. पण दक्षिणेतील मतदार बिथरू लागले, तेव्हा जुलैत त्याने अलाबामाकडे आणखी पत्रे धाडली. युद्ध व अप्रतिष्ठा टाळून, सर्वांच्या संमतीने व न्याय्य अटींवर टेक्सास येत असेल, तर आपणांस आनंदच वाटेल, असा त्यांचा मथितार्थ. दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्याची जी गत व्हावयाची तीच क्लेची झाली.

तिसरा उमेदवार लिबर्टी पक्षाचा जेम्स बर्नी. हाही क्लेप्रमाणे केंटकीशी संबंधित आणि एके काळी गुलामांचा धनी. पण १८३४ साली त्याने आपल्या गुलामांस मुक्त केले. पुढे सिनसिनाटीस त्याचे गुलामगिरीविरोधी पत्र निघू लागले, तेव्हा १८३६ त जमावाने छापखाना मोडून यंत्र नदीत लोटले. १८४० च्या निवडणुकीत त्याला साऱ्या देशात सुमारे ७ हजार मते पडली होती. १८४४ त ती ६२ हजारांवर गेली. एवढ्याने काय होणार, असे वाटेल. परंतु अमेरिकेत प्रत्येक संस्थानाला ठराविक निर्वाचक असतात, आणि बहुतेक ठिकाणी ज्याला एका मताची का होईना आघाडी, त्याच्याच पदरात ते सगळे पडतात. न्यूयॉर्कचे निर्वाचक होते ३६. तेथे पोकने क्लेवर ५,१०६ मतांनी मात केली, आणि बर्नीला मिळाली १५,८१२. एकूण निकाल पोक १७०, क्ले १०५. न्यूयॉर्क क्लेकडे झुकते, तर क्ले १४१ आणि पोक १३४! (२००० साली फ्लोरिडात अंतर ५३७ मतांचे असताना राल्फ नेडरने ९७ हजारांवर मते नेली, तेव्हाही हेच गणित पुन्हा मांडले गेले.)

पुढचे सर्वश्रुत आहे. १८४५ च्या मार्चात सामिलीकरणाचा ठराव मंजूर झाला, १८४६ त मेक्सिकोशी युद्ध जुंपले, आणि १८४८ च्या तहाने मिळालेल्या मुलखात गुलामगिरीस वाव द्यावा काय, या तंट्याने देश दुभंगू लागला. गुलामगिरीच्या कट्टर शत्रूंनीच तिच्या विस्ताराचा मार्ग मोकळा केला, असा आरोप सुरू झाला. आरोपकर्त्यांत इलिनॉयमधील एक तरुण वकील होता. त्याचे नाव अब्राहम लिंकन. १८४५ च्या ऑक्टोबरात लिबर्टी पक्षाच्या एका अनुयायास लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की न्यूयॉर्कच्या गुलामगिरीविरोधी मंडळींनी साथ दिली असती, तर क्ले अध्यक्ष झाला असता. चांगल्या फळासाठीही वाईट कृत्य करू नये, असे ते लोक म्हणत. लिंकनचा प्रतिप्रश्न असा, की ज्या कृत्याचे फळच चांगले, ते वाईट कसे?

युक्तिवाद बिनतोड वाटतो. तथापि मला तो पुरता पटत नाही. बर्नीच्या मतदारांपैकी सुमारे तिघांत एकाने क्लेला मत दिले असते, तरी पुरते. पण क्ले स्वतः गुलामांचा मालक होता, हे त्या मंडळींनी विसरावे कसे? बर्नी नसता तर कित्येक जण घरीच बसले असते. शिवाय डेमोक्रॅटांनी सायलस राइटसारखा लोकप्रिय पुरुष न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदासाठी उभा करून पोकची बाजू सावरली होती, आणि नव्याने आलेल्या आयरिश नागरिकांचा ओढाही तिकडेच होता. क्लेची अलाबामाची पत्रे नसती, तर एवढी चर्चा करण्याची वेळच आली नसती, असे मला वाटते. बर्नीही अगदी निर्दोष नव्हता. मिशिगनमधील विधिमंडळासाठी स्थानिक डेमोक्रॅटांनी देऊ केलेली उमेदवारी त्याने घेतली, आणि तो पोकशी संगनमत करून आहे, हे ओरडण्यास व्हिगांना आयतेच कोलीत मिळाले.

चारच वर्षांनी पारडे फिरले. १८४८ त माजी अध्यक्ष व्हॅन ब्यूरेन फ्री सॉइल पक्षातर्फे उभा राहिला व न्यूयॉर्कात त्याने स्वतःच्या जुन्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कॅसपेक्षाही अधिक मते मिळविली. तेथील ३६ निर्वाचक व्हिगांच्या टेलरला गेले आणि तो १६३ विरुद्ध १२७ असा निवडून आला. या वेळी व्हिगांनी मतविभागणीविरुद्ध ओरड केल्याचे दिसत नाही. आणि १८६० त चौरंगी झुंजीत लिंकन स्वतः ४० टक्क्यांहून कमी मतांवर अध्यक्ष झाला. त्याच्या तिन्ही प्रतिस्पर्ध्यांची मते प्रत्येक संस्थानात एकत्र केली, तरी निर्वाचकांत तोच पुढे राहतो.