जमा होतं, खर्ची पडत नाही : वाळूज, खाम नदी आणि मातीतले धातू



बजाजनगरच्या भोवती ज्यांची अजून थोडीफार शेती उरली आहे, त्यांच्यासाठी आज जरा जुना हिशोब मांडतोय. पीक-पाण्याच्या नोंदीत इतिहास कशाला, असं कुणी म्हणेल. पण शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल यांचा हिशोब एका हंगामात लागत नाही. शेण कुजतं, युरिया पीक खातं किंवा उडून जातो, बरीच औषधंही काही दिवसांत विरतात. धातू कुजत नाही. एकदा मातीत आला की पिढ्यान् पिढ्या तिथंच. म्हणून मागं जाऊन बघावं लागतं.

आपली खाम नदी जटवाड्याच्या डोंगरातून निघते, पाणचक्कीच्या अंगानं शहर ओलांडते, वाळूजकडून खाली जाते आणि नाथसागराला मिळते. मलिक अंबरनं १६१० साली खडकी वसवली ती याच खोऱ्यात. जायकवाडीचं धरण १९७६ मध्ये सुरू झालं आणि आज शहरही तेच पाणी पितं, एमआयडीसीही तेच वापरते. म्हणजे वर जे नदीत जातं, ते खाली आपल्याच हंड्याच्या वाटेवर आहे.

१९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. उद्घाटनाला राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग आले होते. त्याच नावावरून कामगारांची वसाहत उभी राहिली, तेच आपलं बजाजनगर. मराठवाड्यातल्या किती घरांची चूल या पट्ट्यामुळे पेटली हे मी सांगायला नको. आमच्या भागातल्या निम्म्या घरांत एक भाऊ शेतात तर एक कंपनीत आहे. गाड्यांच्या मागे सुट्या भागांचे लहान-मोठे कारखाने आले. लोखंडाला गंज लागू नये, चकाकी यावी म्हणून जस्त, निकेल, क्रोमचा मुलामा देतात. असल्या कामाचं धुणीचं पाणी हीच जगभरात काळजीची जागा असते.

ते पाणी साफ करता येत नाही असं मुळीच नाही. सहा-संयुजी क्रोमियम हे सगळ्यात विषारी रूप. पाणी आधी आम्लधर्मी करून त्यात मेटाबायसल्फाइट किंवा फेरस सल्फेट टाकलं की त्याचं कमी विषारी तीन-संयुजी रूप होतं. मग चुना घातला की ते गाळ होऊन खाली बसतं. गाळ गाळून वेगळा काढायचा आणि घातक कचऱ्यासाठी बांधलेल्या बंदिस्त खड्ड्यातच न्यायचा. वाळूजला सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रही आहे. म्हणजे उपाय नळाच्या तोंडाशी आहे, तोही स्वस्त. तोच धातू शेतात पसरला की महाग होतो.

आता कायद्याचं बघा. महाराष्ट्रानं पाणी प्रदूषणाचा कायदा १९६९ मध्ये केला, १९७० मध्ये प्रदूषण मंडळ झालं, केंद्राचा कायदा १९७४ चा. म्हणजे वाळूजला कारखाना येण्याआधी कायदा तयार होता. तरी २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातले ८८ औद्योगिक पट्टे तपासले, तेव्हा अतिगंभीर प्रदूषित म्हणून निघालेल्या ४३ मध्ये आपलं औरंगाबाद होतं. चंद्रपूर, डोंबिवली, नवी मुंबई, तारापूर सोबतीला होते.

असं का होतं? एक कारण गणितात आहे. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. समजा, निव्वळ असंच पाणी कुणी एक एकराला वर्षात दोन फूट दिलं. ते झालं साधारण २४ लाख लिटर, म्हणजे वर्षाला जवळपास पावणेपाच किलो क्रोमियम. वीस वर्षांत ९५ किलो. एकराच्या वरच्या अर्धा फूट मातीचं वजन साधारण नऊ लाख किलो धरा. किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या वर भर पडली, आणि नियम एकदाही मोडला नाही! नियम लिटर मोजतो, माती बेरीज मोजते. म्हणून सिंचनासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेनं १९८५ मध्येच वेगळी मर्यादा सांगितली : क्रोमियम ०.१, निकेल ०.२, कॅडमियम ०.०१ मिलिग्रॅम.

बेरीज वाढत गेली की काय होतं, ते जपानच्या तोयामा भागातल्या शेतकऱ्यांनी भोगलं. वर कामिओका इथं जस्ताची खाण, खाली जिंझू नदी, नदीच्या पाण्यावर भातशेती. खाणीतलं कॅडमियम पाण्यातून मातीत आणि मातीतून भातात गेलं. बायकांची हाडं ठिसूळ होऊन साध्या हालचालीनं मोडायला लागली. लोक त्या रोगाला ‘इताई-इताई’ म्हणायचे, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. तिथले गावचे डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी दोष कॅडमियमचा आहे हे लावून धरलं. सरकारनं ते १९६८ मध्ये मान्य केलं. पुढं दूषित माती खाली गाडून वर चांगली माती घालायचं काम चाललं. सुमारे ८६३ हेक्टरला तेहतीस वर्षं लागली, ते २०१२ मध्ये संपलं.

तिथली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. शेतात पाणी जिथून शिरतं त्या तोंडाशी कॅडमियम सगळ्यात जास्त सापडलं. आपल्याकडं नाल्याचं पाणी घेतलं असेल तर तपासणीची पहिली जागा तीच.

आणि तपासणी सांगून करायची. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात. त्यात जस्त आणि तांबं आहे, पण शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल नाही. पत्रिका चांगली आली म्हणून या चौघांबद्दल काही कळलं असं होत नाही. तीन नमुने घ्या : पाणी शिरतं तिथला, शेवटच्या टोकाचा, आणि नाल्याचं पाणी कधीच न चढलेल्या उंच जागेचा. आपल्या बेसाल्टच्या मातीत क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच जरा जास्त असतं, म्हणून तिसरा नमुना हवाच. जस्ताचा मुलामा असलेली बादली-टिकाव नको, लाकूड किंवा प्लॅस्टिक वापरा.

आपली काळी माती चिकण, चुनखडीची, सामू साडेसात-आठच्या घरात. ती शिसं, कॅडमियम, निकेल घट्ट धरून ठेवते, त्यामुळं पिकात कमी जातं. पण सहा-संयुजी क्रोमियम अशा मातीत फारसं अडकत नाही, ते विहिरीकडं सरकतं. म्हणून मातीबरोबर विहिरीचं पाणीही तपासा.

मोहरी, सूर्यफूल, वाळा अशी झाडं धातू ओढतात हे खरं आहे, पण वेग फार कमी. शेत साफ व्हायला कित्येक वर्षं जातात आणि कापलेला पाला गुरांना किंवा खड्ड्यात टाकला तर फेरा परत सुरू. शंका असलेल्या तुकड्यात पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा नको, पालेभाजीत धातू लवकर चढतो. कापूस बरा. शेणखत भरपूर द्या, त्यानं सहा-संयुजी क्रोमियम तीन-संयुजीत जायला मदत होते. शहराच्या कचऱ्याचं खत घेताना अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशात कॅडमियमची मर्यादा किलोला ५ आणि शिशाची १०० मिलिग्रॅम आहे.

वाळूजचा पट्टा अजून चाळिशीतला आहे. तोयामात कळलं तेव्हा माणसं अंथरुणाला खिळली होती. आपल्या हातात अजून वेळ आहे. परभणीचं कृषी विद्यापीठ आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे. ग्रामसभेत ठराव करून दर उन्हाळ्यात, नाला आटलेला असताना, गावानं मिळून नमुने द्यावेत. एकट्यानं दिला तर तो एक कागद. दहा वर्षांचे कागद एका फाईलीत राहिले तर तो गावाचा सातबाराच समजा, आणि उद्या कुणाशी बोलायची वेळ आली तर तोच कामाला येईल.