गप्प बसली म्हणजे हो म्हणाली? 'द बॉईज' आणि देसाईगंजचं पोलीस ठाणं

आजचा एपिसोड 'द बॉईज'वर आहे, पण बोलता बोलता आपण पोचणार आहोत गडचिरोलीत, तेही १९७२ सालात. दोन गोष्टी आधीच सांगते. पहिल्या सीझनचे स्पॉयलर येणार आहेत. आणि विषय लैंगिक अत्याचाराचा आहे, त्यामुळे ज्यांना आज हे ऐकायचं नाही त्यांनी खुशाल दुसरा एपिसोड लावा.

ज्यांनी सिरीज पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१९ मध्ये ॲमेझॉन प्राइमवर ती आली. मूळ कॉमिक गार्थ एनिस आणि डॅरिक रॉबर्टसन यांचं. इथले सुपरहिरो एका कंपनीचे आहेत. तिचं नाव वॉट इंटरनॅशनल. त्यांचे सिनेमे, खेळणी, जाहिराती, सगळं कंपनी विकते. सगळ्यात वरच्या सात जणांची टीम म्हणजे 'द सेव्हन'. या टीममध्ये ॲनी नावाची मुलगी नव्याने येते, सुपरहिरो म्हणून तिचं नाव स्टारलाइट. लहानपणापासून तिला हेच हवं होतं. आणि पहिल्याच दिवशी टीममधला एक सीनियर, द डीप, तिच्यावर जबरदस्ती करतो. हत्यार काय वापरतो? फक्त एक धमकी. ऐकलं नाहीस तर टीममधली जागा गेली.

आता, स्टारलाइट काही साधी मुलगी नाही. समोरच्याला भिंतीवर आपटेल एवढी ताकद तिच्यात आहे. म्हणून हा सीन पाहिला की कुणीतरी हमखास विचारतं, "एवढी पॉवर होती तर तिने त्याला उडवला का नाही?" मी हा प्रश्न ऑफिसच्या बसमध्ये ऐकलाय, मित्रांच्या फ्लॅटवर ऐकलाय. विचारणारे वाईट लोक नाहीत. पण नेमका हाच प्रश्न आपल्या देशाच्या सुप्रीम कोर्टालाही एकदा पडला होता, आणि त्याची किंमत एका गरीब आदिवासी मुलीने मोजली.

देसाईगंज, म्हणजे वडसा. आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. २६ मार्च १९७२ ची रात्र. मोलमजुरी करणारी एक मुलगी, डॉक्टरांच्या अंदाजाने वय १४ ते १६. तिच्या लग्नाच्या भानगडीवरून भावाने तक्रार दिली होती, म्हणून सगळ्यांना ठाण्यात बोलावलेलं. जबाब झाले, बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला आत थांबवलं. दार बंद झालं, दिवे गेले. ठाण्यातल्या दोन पोलिसांवर अत्याचाराचा आरोप झाला. बाहेर लोक जमले, ठाणं पेटवून देण्याची भाषा झाली, तेव्हा कुठे तिची तक्रार लिहून घेतली गेली.

इथे जरा थांबू या. भ्रष्टाचार म्हटलं की आपल्याला टेबलाखालचं पाकीट आठवतं. पण ज्या ठाण्यात तक्रार करायची तेच ठाणं गुन्ह्याची जागा, आणि ज्यांनी लिहून घ्यायची ते आरोपींचेच सहकारी! हाही भ्रष्टाचारच आहे, फक्त यात पैसा फिरत नाही.

पुढे १९७४ मध्ये सेशन्स कोर्टाने दोघांना सोडलं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवून शिक्षा दिली. भीतीपोटी मान तुकवणं म्हणजे संमती नव्हे, असं हायकोर्टाचं म्हणणं होतं. पण सप्टेंबर १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोघांना निर्दोष सोडलं. कारण? अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार केला नाही. आणि आरडाओरडा केल्याचं ती सांगते, ते पटण्यासारखं नाही. पोलीस ठाणं, रात्र, बंद दार, समोर वर्दी, आणि कोर्ट शोधतंय तिच्या अंगावरचे ओरखडे.

हे प्रकरण तिथेच फायलीत गेलं असतं. पण बरोबर वर्षभराने, १६ सप्टेंबर १९७९ ला, कायदा शिकवणाऱ्या चार जणांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. यातल्या वसुधाताई आपल्या पुण्याच्या. पत्राचा मुद्दा सरळ होता. संमती वेगळी आणि शरण जाणं वेगळं. १९८० मध्ये हे पत्र गाजलं, बायका रस्त्यावर उतरल्या, मुंबईत बलात्काराविरुद्ध मंच उभा राहिला. 'मथुरा प्रकरण' हे नाव देशभर पोचलं.

आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. मी इंजिनियर आहे, त्यामुळे मला तो बदल असा समजतो. आधी कोर्टाच्या डोक्यातली डिफॉल्ट व्हॅल्यू होती 'संमती आहे'. ती बदलायची तर जखमा दाखवा, किंकाळ्या ऐकणारे साक्षीदार आणा. नव्या कायद्याने पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी ही डिफॉल्ट व्हॅल्यू उलटी केली. संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाईने कोर्टात सांगितलं की माझी संमती नव्हती, तर कोर्टाने तेच गृहीत धरायचं. नव्हतं म्हणणाऱ्याने पुरावा द्यावा. शिवाय कोठडीतल्या बलात्काराला किमान १० वर्षांची शिक्षा ठरली, आणि पीडितेचं नाव छापणं गुन्हा झाला.

त्या मुलीच्या हाती मात्र काहीच आलं नाही. निकालाच्या फेरविचाराची मागणीसुद्धा कोर्टाने फेटाळली.

आता परत स्टारलाइटकडे. डीपच्या अंगावर वर्दी नाही, तो सरकारी नोकरही नाही. मग १९८३ चा कायदा त्याला लागू झाला असता का? अवघड होतं. पण दिल्लीच्या घटनेनंतर २०१३ मध्ये कायद्यात आणखी भर पडली. ज्याचं त्या बाईवर नियंत्रण किंवा वर्चस्व आहे, अशा माणसाचाही त्यात समावेश झाला. आणि संमती नव्हती हे गृहीत धरण्याचा नियम तिथेही लागू झाला. जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या संहितांमध्येही ही तरतूद आहे. म्हणजे "तुझी जागा घालवेन" या धमकीमागची ताकद आपल्या कायद्याने ओळखली आहे. सिरीजमध्ये काय होतं? स्टारलाइट स्टेजवरून सगळं बोलून टाकते, मग डीप टीव्हीवर माफी वाचून दाखवतो आणि कंपनी त्याला ओहायोतल्या एका छोट्या गावात पाठवते. बदली! हे वाचून आपल्याकडच्या कुणालाच नवल वाटणार नाही.

मी चाकण एमआयडीसीतल्या एका प्लांटसाठी सॉफ्टवेअर लिहिते. तिथे असेंब्ली लाइनवर खूप मुली आहेत, बऱ्याचशा कंत्राटदारामार्फत आलेल्या. कुणाला कुठली शिफ्ट, कुणाला ओव्हरटाइम, सहा-सात महिन्यांनी कुणाला 'ब्रेक' द्यायचा आणि कुणाला परत घ्यायचं, यात लाइनवरच्या साहेबाच्या शब्दाला वजन असतं. एकदा कँटीनबाहेरच्या नोटिसीकडे बघत एका ट्रेनी मुलीने मला विचारलं, "ताई, ही समिती कंपनीच्या मॅडम लोकांसाठीच ना? आम्ही तर ठेकेदाराचे."

नाही. नीट ऐका, कारण हे कुणी सांगत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कंत्राटी, हंगामी, ट्रेनी, अप्रेंटिस, सगळे कर्मचारीच धरले जातात. १० किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, आणि तिची अध्यक्ष बाईच असते. छोट्या वर्कशॉपमध्ये समिती नसेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. उशिराचं कारण समितीला पटलं तर आणखी तीन महिने मिळू शकतात.

त्या मुलीला मी हेच सांगितलं. तिने नोटिशीचा फोटो काढला आणि दुसऱ्या शिफ्टची बेल झाली म्हणून पळाली.

तर मंडळी, पुढच्या वेळी कुणी म्हणालं की तिने त्याला उडवला का नाही, तर त्याला उलटं विचारा, "उडवला असता, तर दुसऱ्या दिवशी तिच्याकडे काय उरलं असतं?" हा एपिसोड लाइनवर काम करणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला नक्की पाठवा. भेटू पुढच्या वेळी.